चाकाचे बावीस फेरे

सोमवार, २ सप्टेंबर

आज काय झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही. ही वही थोरलीने दिलेली. नर्सिंग शिकायला गेली तेव्हा म्हणाली होती, बाबा, मनातलं यात लिहा, सगळं आईलाच ऐकवू नका. दोन वर्षं वही कोरी पडून होती.

चार दहाची गाडी. स्टेशनातून मास्तरांचा फोन आला, त्यांनी त्यांचा आकडा सांगितला, दर गाडीला खुणेचा नवा आकडा असतो. नियम असा, की फाटकवाल्याने रिसीव्हर बाजूला ठेवायचा, केबिनमधलं चाक फिरवून रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे खाली आणायचे, साखळी लावायची आणि मग फोनवर आपला आकडा द्यायचा. तो मिळाला की मास्तर गाडी सोडतात. फाटक बंद आहे याची माझी जबान म्हणजे तो आकडा. पण ही वही खासगी आहे, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. गेली बारा-पंधरा वर्षं मी आकडा आधी देतो आणि चाक मग फिरवतो. मास्तरांचा खोळंबा होत नाही, मलाही फोनपाशी दोनदा यावं लागत नाही. गाडी इथवर यायला चार मिनिटं लागतात आणि चाकाचे बावीस फेरे मिनिटभरात होतात. माझे वडील याच फाटकावर होते, तेही असंच करायचे.

तर मी आकडा दिला, केबिनच्या वहीत लिहिला, फोन ठेवला. जळक्या वायरचा वास आला. त्यानंतरचं आठवतं ते हे, की डबे खिडकीसमोरून धडधडत चाललेत आणि मी टेबलाला धरून उभा आहे. मधलं काहीच नाही. झोप नाही, चक्कर नाही, पडलोही नाही.

बाहेर बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं तर फाटक बंद. साखळी लावलेली. पलीकडे पावाची गाडी आणि दोन सायकलवाले निवांत उभे. मी चाकाला हात लावलेला नव्हता. लावला असता तर तळव्याला वंगण लागलं असतं, आणि माझे हात धुतल्यासारखे स्वच्छ होते.

बायको दारातच उभी होती, धापा टाकत. आमचं घर केबिनच्या मागे तीस पावलांवर. शिवण टाकून ती धावत आली असावी, गळ्यात टेप तशीच होती. मी तिला म्हटलं, आज प्रभूने दूत पाठवला, त्याने फाटक लावलं. ती काहीतरी बोलायला गेली, पण मी बोलूच दिलं नाही. आधी गुडघे टेक म्हटलं. तिने टेकले आणि ढसाढसा रडली. मीही रडलो.




मंगळवार, ३ सप्टेंबर

केबिनच्या वहीत फाटक बंद केल्याची वेळ लिहिलेली आहे, ४.०७. त्याखाली एक बारीक रेघ. मी जन्मात कधी वेळेखाली रेघ मारलेली नाही.

रात्रपाळीचा फाटकवाला आहे त्याला सगळे लांबू म्हणतात, कारण दारातून येताना त्याला वाकावं लागतं. त्याला पाळी देताना ती रेघ दाखवली आणि सगळं सांगितलं. त्याने वही उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "दूताची सहीपण घ्यायची की, दादा. उद्या साहेबांनी विचारलं तर?" या माणसाला देवाधर्माचं काही नाही.

हिच्या उजव्या तळव्याला मोठा फोड आलाय. इस्त्रीने भाजलं म्हणाली. मलम लावून दिलं.


शुक्रवार, ६ सप्टेंबर

दोन दिवस नियमाने वागलो, आधी चाक, मग आकडा. आज मास्तरांनीच विचारलं, हल्ली आकडा उशिरा का येतो, तब्येत बरी आहे ना. आता परत आधीसारखं सुरू केलंय. आपण होऊन संशयाला जागा कशाला द्या.

फोन वाजला की मी दचकून उठतो. तीस वर्षं हा फोन ऐकतोय, कधी असं झालं नव्हतं.


रविवार, ८ सप्टेंबर

आज उपासनेत उभं राहून साक्ष दिली. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांपुढे बोललो. वायरचा वास सोडून सगळं सांगितलं. आकडा आधी दिला होता हेही गाळलं, ते मंडळीला कळलंही नसतं. मी म्हटलं, ज्या चाकाला बावीस फेरे द्यावे लागतात ते अदृश्य हातांनी फिरवलं. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. सुतार, ज्याने आमचं व्यासपीठ बनवलंय, त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला.

ही गायकवृंदात असते. माझं बोलणं चाललेलं असताना ती मधूनच उठून बाहेर गेली. मला वाटलं आनंद अनावर झाला. बाहेर पायरीवर बसली होती. मी गेल्यावर एवढंच म्हणाली, घरी चला. घरी आल्यावर तिने विचारलं की डॉक्टरकडे कधी जायचं. मी म्हटलं, ज्याने फाटक लावलं त्याला माझं डोकं सांभाळता येत नाही का.


मंगळवार, १० सप्टेंबर

पाळकसाहेब येऊन गेले. सायकल केबिनला टेकवून ठेवली आणि दोन गाड्या जाईपर्यंत बसले. मला वाटलं साक्षीबद्दल दोन शब्द कौतुकाचे बोलतील. ते चाकाकडेच बघत होते. किती जड आहे विचारलं, मग स्वतः उठून फिरवून पाहिलं. सहा फेऱ्यांत दमले.

मग म्हणाले, सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभं केलं आणि उडी मार म्हणाला, दूत झेलतील म्हणाला. प्रभूने उडी मारली का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, का नाही मारली? दूत नव्हते म्हणून? मला या प्रश्नाचा रोख कळला नाही. मी म्हटलं, साहेब, मी कुठे उडी मारली, मी तर केबिनमध्ये उभा होतो.

जाताना म्हणाले, "भाऊ, सगळंच दुःख वधस्तंभ नसतं. काही आपण आपल्या हाताने बनवतो आणि उचलायला लावतो दुसऱ्याला."

मी मान डोलावली. नंतर आमच्या घराच्या दारात ते हिच्याशी बराच वेळ बोलत होते. माझ्या साक्षीनंतर त्यांच्या प्रवचनाला कोणी फारसं नावाजलं नाही, ते थोडं मनाला लागलं असावं. माणूस आहे.


शुक्रवार, १३ सप्टेंबर

परत झालं.

या वेळी गाडी नव्हती, ही प्रभूची कृपा. दूध गॅसवर ठेवलं होतं. वास आला, वायरचाच. मग दूध करपून काळं झालेलं, ही गॅस बंद करत होती आणि मला खुर्चीत बसवलेलं. मी कधी बसलो? तिने शांतपणे विचारलं, आज कोणता वार? मी सांगितला. माझं नाव विचारलं. मी चिडलो, काय पोरखेळ लावलाय म्हटलं.

आता इथे लिहितोच. मला भीती वाटते. जेवताना वाटते, दाढी करताना वाटते, गाडी यायच्या आधी तर पाचावर धारण बसते. मास्तरांना सांगितलं तर ते मोठ्या डॉक्टरकडे पाठवणार, डॉक्टर कागदावर लिहिणार आणि फाटक गेलं. फाटक गेलं की घर गेलं, कारण घर फाटकाचं आहे. मी याच घरात जन्मलो. थोरलीचं शेवटचं वर्ष आहे. ही कुठे मशीन मांडणार? आणि मी काय करणार? मला फाटकाशिवाय दुसरं काही येत नाही. प्रभूने ही परीक्षा लावलीय तर तोच पार नेईल. तोपर्यंत तोंड मिटून राहणं यातच शहाणपण आहे.

ही आजकाल शिवण घेऊन केबिनमध्येच येऊन बसते. घरात उकडतं म्हणते. केबिनमध्ये घरापेक्षा जास्त उकडतं. मी दोनदा सांगून पाहिलं, की ड्युटीच्या जागी घरच्यांनी बसू नये. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढल्यासुद्धा नाहीत, नुसती मान हलवली.


रविवार, १५ सप्टेंबर

थोरलीचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मध्येच विचारते, बाबा, तुम्हाला कधी उगाच कसला वास येतो का? मी नाही म्हटलं. मग विचारते, आई म्हणते तुमचे ओठ हलतात, ते प्रार्थनेत की एरवीपण? मी म्हटलं, प्रार्थना करायला मला वेळ ठरवून घ्यावी लागत नाही. या दोघींचं माझ्या पाठीमागे काहीतरी चाललंय.

ही गायनाच्या सरावाला गेली नाही. तिसरा आठवडा.


बुधवार, १८ सप्टेंबर

मी एक युक्ती काढली होती आणि ती अंगाशी आली.

युक्ती अशी. फोन येईपर्यंत थांबायचंच कशाला? गाडीच्या अर्धा तास आधीच दांडे खाली आणून ठेवायचे. मग मधे मला काही झालं तरी फाटक बंदच. सोमवारपासून तसं करत होतो. लोक ओरडायचे, एक मास्तरीणबाई रोज शाळेला उशीर होतो म्हणून भांडायची. मी म्हणायचो, वरून हुकूम आहे.

आज सकाळी अकराला दांडे पाडले. गाडी साडेअकराची, तीही उशिरा धावत होती. पलीकडून सतत हॉर्न. मी खिडकीतून हात हलवून थांबायला सांगत होतो. एका मोटारीचं दार उघडून एक माणूस धावत आला, तर सुतार. त्याच्या मुलीला दमा आहे, ती मागच्या सीटवर होती, ओठ निळे. तो म्हणाला फाटक उघडा. मी म्हटलं, गाडीची वेळ झालीय. तो म्हणाला, "अहो, मास्तरांनी फोन तरी केलाय का?"

मास्तरांचा फोन आलेला नव्हता. मी उघडू शकत होतो. तेवढ्यात फोन आला तर, मधेच मला काही झालं तर, या भीतीने माझा हात चाकाकडे जाईना. माझ्या मागून ही उठली, मला बाजूला सारलं आणि तिनेच चाक उलटं फिरवलं. सुताराची गाडी गेली. मग तिने परत दांडे खाली आणले. चाक ती अशी फिरवत होती, की जणू तिचं रोजचंच काम आहे.

संध्याकाळी निरोप आला, मुलगी वाचली. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मी किती मिनिटं थांबवलं होतं ते मोजून पाहिलं. बावीस.

ज्या माणसाने दहा दिवसांपूर्वी दोन्ही हातांनी माझा हात धरला होता, त्याचंच लेकरू. वरून हुकूम आहे असं त्याला म्हणायची माझी जीभ रेटली नाही, एवढंच.


शनिवार, २१ सप्टेंबर

हिच्या भावाचा फोन आला. सासूबाईंनी अंथरूण धरलंय, तुझी सारखी आठवण काढते, लवकर ये म्हणाला. बसने चार तासांची वाट. मी लगेच म्हटलं, उद्याच निघ. ती जाग्यावरून हलली नाही.

मग म्हणाली, तुम्ही रजा घ्या, आपण दोघं जाऊ. मी म्हटलं, अकरा वर्षांत मी एक रजा घेतलेली नाही. आता अचानक अर्ज टाकला तर मास्तर पहिला प्रश्न काय विचारतील? तब्येतीचाच. तू एकटी जा. तर म्हणते, मग मी जात नाही. मी समजावलं, मग ओरडलो. ज्या आईने हातावर वाढवलं तिच्याकडे दोन दिवस जायला तुला माझं बोट धरायला हवं का, असं बोललो. ती मशीनवर बसली आणि कुणाच्या तरी फ्रॉकला अस्तर लावत राहिली.

बायकोचं काळीज असं कधीपासून झालं कळत नाही. मी प्रार्थना केली, की प्रभू, हिचं मन मऊ कर.


सोमवार, २३ सप्टेंबर

भावाचा परत फोन. परत नाही म्हणाली. रिसीव्हर ठेवून केबिनमध्ये आली आणि माझ्याकडे तोंड करून बसली. डोळे सुजलेले. मी बोलत नाही तिच्याशी.

आज तीन बावन्नची मालगाडी कधी गेली ते नीटसं आठवत नाही. वहीत वेळ आहे. वेळेखाली रेघ आहे.

दूत आहे. मी एकटा नाही. दहा वेळा म्हटलं तरी आज धीर येत नाही.


गुरुवार, २६ सप्टेंबर

सासूबाई पहाटे गेल्या.

ही रडली नाही. पिशवी भरली, एक साडी, एक टॉवेल. निघायच्या आधी लांबूच्या घरी जाऊन आली. परत येऊन म्हणाली, तीन दिवस तुमची पाळी लांबू करेल, मास्तरांशी तोच बोललाय, तुम्हाला ताप आहे असं सांगितलंय. मी म्हटलं, मला कुठे ताप आहे? तिने पिशवी उचलली. मातीला मीही येतो म्हटलं. नको म्हणाली, एवढंच.

बस वळेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. माझ्याकडे नाही, फाटकाकडे.


शुक्रवार, २७ सप्टेंबर

लांबू रात्रपाळी करून दिवसाही केबिनमध्येच. डोळे लाल झालेत. मी म्हटलं, जा, झोप काढ, मी बघतो. तो म्हणाला, "दादा, तुम्ही चाकाला हात लावायचा नाही असं वहिनींनी माझ्याकडून वदवून घेतलंय. त्यांच्या आईचा दिवस आहे, आज मला खोटं पाडू नका." मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. कशाची ते लगेच कळलं नाही.

दुपारी मास्तरीणबाई शिवून नेलेला फ्रॉक घेऊन आल्या. फ्रॉक कमरेत सैल झाला म्हणाल्या, माप बघा. हिची मापाची वही मशीनच्या खणात असते. मी कधी उघडलेली नव्हती. उघडली. छाती, कंबर, उंची, प्रत्येक आकड्याखाली एक बारीक रेघ.

माप कसंबसं सांगितलं आणि बाईंना वाटेला लावलं. मग वही शेवटपर्यंत चाळली. शेवटच्या पानांवर मापं नव्हती. जसंच्या तसं उतरवून घेतो.

"१९ ऑगस्ट. जेवताना. घास हातात. दोन मिनिटं.

२ सप्टेंबर. ४.०६ ते ४.०९. खिडकीतून दिसलं, फाटक उघडं, हे उभे. पळत गेले. चाक मीच. बावीस. सांगणार होते. हे म्हणाले, दूत.

४ सप्टेंबर. सकाळी. बूट घालताना. एक मिनिट.

११ सप्टेंबर. ११.२९. चाक मी. केबिनमध्येच बसायचं ठरवलं.

१३ सप्टेंबर. दूध. तीन मिनिटं. वार विचारला, नाव विचारलं. रागावले.

१७ सप्टेंबर. रस्त्यात. हात धरून आणलं. त्यांना आठवत नाही.

१८ सप्टेंबर. सुताराची मुलगी. हे शुद्धीत होते.

२१ सप्टेंबर. दादाचा फोन. आईने नाव घेतलं. नाही म्हटलं.

२३ सप्टेंबर. दादाचा फोन. आईला फोन देऊ का म्हणाला. नको म्हटलं, आवाज ऐकला तर राहवणार नाही. ३.५२. चाक मी."

माझं भान गेल्याच्या अशा सात नोंदी आहेत. मी मोजल्या होत्या तीन.

अकरा तारखेचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. त्या दिवशी साडेअकराला फाटकावर कोण उभं होतं, किती जण होते, कुणाच्या कडेवर लेकरू होतं, मला माहीत नाही. मी खुर्चीतून उठून ओटीपर्यंत गेलो आणि तिथेच बसलो. इतके दिवस माझं काय होईल याची भीती होती. ही भीती वेगळीच आहे, आणि ती महिनाभर या घरात होती. ती तिने एकटीने घेतली होती आणि शिवण करत बसली होती.

आणि "हे शुद्धीत होते." एवढंच लिहिलंय. त्यापुढे तिने काही लिहिलेलं नाही.


शनिवार, २८ सप्टेंबर

सकाळी स्टेशनात गेलो. दीड मैलाची वाट, लांबूचा पुतण्या सायकलवर सोबत. रुळांच्या कडेने जायचं नाही असं लांबूने बजावलं होतं.

मास्तरांना सगळं सांगितलं. वायरचा वास, दूध, मालगाडी. मग ते सांगितलं जे आजारातलं नाही, की मी पंधरा वर्षं फाटक उघडं असताना बंद असल्याची जबान देत आलो. ते एवढा वेळ माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते, ते ऐकल्यावर खुर्चीतून उठले. माझ्या आकड्यावर त्यांनी किती गाड्या सोडल्या असतील हे बहुधा ते मनात मोजत होते. पांढरेफटक पडले होते. मला हाकलून देतील असं वाटलं. त्यांनी पाणी मागवलं आणि स्वतःच प्यायले.

केबिनची सप्टेंबरची वही मी बरोबर नेली होती. दोन, अकरा आणि तेवीस तारखेच्या ओळी काढल्या. फाटक कोणी बंद केलं या रकान्यात माझी सही होती, गाडी गेल्यावर मी डोळे झाकून केलेली. ती खोडली आणि शेजारी लिहिलं, माझी पत्नी.

मास्तर म्हणाले, "वहीत खाडाखोड चालत नाही. नोकरी जाईल तुमची."

मी म्हटलं, "सही खोटी आहे, साहेब. ही दुरुस्ती आहे."

त्यांनी शिक्का मारला.


रविवार, २९ सप्टेंबर

ही दुपारच्या बसने आली. मी थांब्यावर गेलो होतो. काही बोलायच्या आधीच तिने विचारलं, केबिनमध्ये कोण आहे? मी म्हटलं, लांबू. उद्यापासून नवा माणूस येणार आहे, मी मास्तरांना सांगून आलो.

ती थांब्याच्या बाकावर बसली. पिशवी मांडीवर. मग पहिल्यांदा आईसाठी रडली. लोक बघत होते. मी शेजारी बसलो आणि तिचा उजवा हात उलटा करून बघितला. फोड गेलाय, तिथे घट्टा आहे, माझ्या हाताला आहे तसाच.

मी म्हटलं, तू मला त्याच दिवशी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही दूताला सोडलं असतं का? मला वाटलं, आज नाही तर उद्या तुम्हालाच कळेल. मग आई पडली." पुढे म्हणाली, "मीही चुकले. मी पाळकसाहेबांना सांगितलं आणि त्यांनाही गप्प बसवलं."


रविवार, ६ ऑक्टोबर

पाळकसाहेबांनी आपण होऊन मला बोलायला वेळ दिला. आज साक्ष लांबली नाही. मी म्हटलं, मागे मी या जागी खोटं बोललो. फाटक दूताने लावलं नाही, माझ्या बायकोने लावलं, एकदा नाही, तीनदा, आणि ते करता यावं म्हणून ती तिच्या आईला शेवटचं भेटली नाही. प्रभूने मला वाचवायला माणूस पाठवलं होतं. मी त्याला केबिनमधून उठून घरी जायला सांगत होतो.

कोणी डोळे पुसले नाहीत. सुतार खाली बघत होता. उपासना संपल्यावर तो माझ्यापाशी न थांबता हिच्याकडे गेला, आणि त्याच्या मुलीने हिच्या पदराला धरलं. तेच बरोबर होतं.

पाळकसाहेबांना विचारलं, हे सगळं माझ्या पापाचं फळ का? ते म्हणाले, आजार तुमचं पाप नाही. आजारात जे झालं ते तुमच्या हातात नव्हतं. पण बाकीचं तुम्ही निवडलंत, आणि त्याचं फळ दुसऱ्या घरात पडलं. क्षमा आहे, ती मागा. पण क्षमा मिळाली म्हणून गेलेली आई परत येईल असं तिला सांगू नका. मी सांगणार नव्हतो.


बुधवार, ९ ऑक्टोबर

मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हा फिटचा आजार आहे, ताब्यात राहतो, पण मला फाटक कायमचं बंद. चौकशी लागली आहे. काय निकाल लागेल माहीत नाही. घर तीस तारखेपर्यंत खाली करायचं आहे. थोरलीने तिच्या गावात एक खोली बघितली आहे, मशीन मावेल म्हणते, मग पलंग मावणार नाही. भीती गेलेली नाही. सकाळी उठल्यावर आधी तीच येऊन बसते. पण आता ती मी हिला सांगतो.

केबिनची वही मला दुरुस्त करता आली. मापाच्या वहीतली एकवीस आणि तेवीस तारीख मी कशी दुरुस्त करू? काल तिला विचारलं, सासूबाईंचा आवाज कसा होता, मला नीट आठवत नाही. ती सांगायला लागली आणि बराच वेळ सांगत राहिली. मी ऐकत बसलो.

आज दुपारी जेवण करून ती चटईवर आडवी झाली. महिनाभर मी तिला दिवसा पडलेली पाहिली नव्हती. मी दाराशी बसून हे लिहीत होतो. केबिनमध्ये फोन वाजला. नव्या माणसाने रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग चाकाचा. मी मोजले, बावीस. मग साखळी. मग त्याने आकडा दिला.

चार दहाची गाडी गेली. खिडकीच्या काचा हादरल्या, कपाटावरचा पेला हलला. ही उठली नाही.